पार्श्वभूमी : गाउट, दारू आणि घराण्याचा वारसा

आषाढ संपत आला की कोल्हापुरात घरोघरी मटणाचा बेत ठरतो. गटारीला बाटल्याही निघतात. पुढच्या एक-दोन रात्रींत कुणाच्या तरी पायाच्या अंगठ्यात अचानक ठणका सुरू होतो. सांधा लालबुंद होतो, पांघरुणाचा नुसता स्पर्शही सोसवत नाही. हाच गाउट. सकाळी घरातून पहिलं वाक्य येतं, "प्या अजून!"

याच गावात जन्मात दारूला न शिवलेला, गळ्यात माळ घातलेला माणूसही असाच अंगठा धरून बसतो. त्याच्या वाट्याला तर संशय येतो : चोरून पीत असणार. हा संशय मला फार लागतो, कारण त्यामागे गाउट म्हणजे दारूचं आणि चैनीचं फळ ही दोन हजार वर्षांची एक अर्धवट समजूत आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात 29वा अध्याय वातरक्ताचा आहे. त्यातलं वर्णन गाउटशी बरंच जुळतं. कारणांच्या यादीत कुळीथ, उडीद, दही, ताक यांच्याबरोबर सुरा आणि आसव आहेत. हा रोग बहुधा सुकुमार, सुखाने खाणाऱ्या आणि फारसं न चालणाऱ्यांना होतो, असंही तिथे म्हटलं आहे. तिकडे रोममध्ये गॅलन या वैद्याने चैनीबरोबर वंशपरंपरेकडेही बोट दाखवलं होतं. पण लोकांच्या लक्षात राहिली ती चैन. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये पोर्ट वाइन पिणाऱ्या श्रीमंतांत गाउट बोकाळला, आणि श्रीमंतांचा रोग हा शिक्का पक्का बसला. त्या काळच्या दारूत बऱ्याचदा शिसं उतरलेलं असे. गाउट होतो तो युरिक अ‍ॅसिड या शरीरातल्या टाकाऊ पदार्थाचे स्फटिक सांध्यात साचून. शिसं मूत्रपिंड बिघडवतं आणि युरिक अ‍ॅसिड बाहेर पडणं मंदावतं. म्हणजे दोष निव्वळ दारूचा नव्हताच.

खरा धागा हाती लागला तो 1854 मध्ये, आणि तोही अक्षरशः धागाच. लंडनचे डॉक्टर आल्फ्रेड गॅरॉड यांनी रुग्णाच्या रक्तातला पातळ भाग काचेच्या बशीत घेतला, त्यात थोडं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड घातलं आणि लिननचा दोरा सोडून ठेवला. गाउटच्या रुग्णाच्या बशीत दोऱ्यावर युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक धरले. सांध्यातल्या पाण्यात हेच स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून रोगाचं निदान करणं 1961 पासून सुरू झालं. याच गॅरॉड यांचा मुलगा आर्चिबाल्ड. शरीरातल्या रासायनिक क्रियेतला दोष जन्मतः, वारशाने येऊ शकतो ही कल्पना त्याने 1908 मध्ये व्याख्यानांतून मांडली. बापाने रक्तातलं रसायन दाखवलं, लेकाने वारशाची वाट. दोन्ही वाटा एकत्र यायला पुढे शंभर वर्षं गेली.

दारू नेमकं काय करते हे 1962 नंतर उलगडत गेलं. यकृतात दारू मोडताना लॅक्टेट हे रसायन वाढतं, आणि मूत्रपिंडात हे लॅक्टेट युरिक अ‍ॅसिडला बाहेर पडू देत नाही. शिवाय दारू पचवताना पेशींचं इंधन, म्हणजे एटीपी, खर्ची पडतं आणि त्याच्या मोडतोडीतून नवं युरिक अ‍ॅसिड तयार होतं. आवक वाढते आणि जावक घटते. बिअरमध्ये प्युरिनही, म्हणजे मोडल्यावर युरिक अ‍ॅसिड बनणारी द्रव्यं, असतात, त्यामुळे तिचा फटका जास्त. अमेरिकेत 47,150 पुरुषांवर 12 वर्षं नजर ठेवून 2004 मध्ये निष्कर्ष आले. रोज एक बिअर वाढली की धोका सुमारे 49 टक्क्यांनी, कडक दारूचा एक पेग वाढला की 15 टक्क्यांनी वाढत होता. वाइनने फारसा फरक पडत नव्हता.

इथे कोल्हापूरकरांनी जरा थांबावं. साखरेच्या रेणूचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो, आणि फ्रुक्टोजही यकृतात असंच एटीपी खर्चून युरिक अ‍ॅसिड वाढवतं. कारखान्यात ऊस जातो, साखर निघते, उरलेल्या मळीपासून अल्कोहोल होतं. युरिक अ‍ॅसिड वाढवणाऱ्या दोन्ही गोष्टी आपल्या एकाच पिकातून येतात. त्यामुळे दारू सोडून कोल्ड्रिंकच्या बाटल्या रिचवणाऱ्याने निर्धास्त राहू नये.

जनुकांची बाजू 2007 नंतर भराभर उघडली. साखरेची ने-आण करणारं म्हणून नोंदवलेलं एसएलसी2ए9 हे जनुक प्रत्यक्षात युरिक अ‍ॅसिड वाहून नेतं असं दिसलं. आतड्यातून आणि मूत्रपिंडातून युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकणाऱ्या एबीसीजी2 या प्रथिनात एकच अमिनो आम्ल बदललं, की त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. 2024 मध्ये 26 लाख लोकांची माहिती तपासून गाउटशी जोडलेल्या जनुकसंचातल्या 377 जागा सापडल्या. त्यातले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे होते, तेव्हा ते आकडे जसेच्या तसे आपल्या माणसांना लावू नयेत.

मग दारू आणि जनुकं यांचं एकमेकांशी काय? न्यूझीलंडमध्ये माओरी या मूळ रहिवाशांत आणि पॅसिफिक बेटांवरच्या लोकांत गाउट फार आढळतो, म्हणून तिथे हा प्रश्न नेटाने धरला गेला. 2013 मध्ये एलआरपी2 या जनुकाचा आणि दारूचा परिणाम सरळ बेरजेचा नाही, दोन्ही एकत्र आले की तो वेगळाच होतो, असं दिसलं. 2017 मध्ये 2,792 लोकांत 29 जनुकीय फरक दारूच्या सवयीशी ताडून पाहिले, तेव्हा जीसीकेआर आणि ए1सीएफ या दोन जनुकांची नावं पुढे आली. जीसीकेआर यकृतातल्या साखरेच्या व्यवहारावर नियंत्रण ठेवतं, आणि दारूही तिथेच मोडते. म्हणजे एकाच जनुकाचं वजन पिणाऱ्यात वेगळं, न पिणाऱ्यात वेगळं. पूर्व आशियात आणखी एक तऱ्हा दिसते : दारू पचवण्याशी संबंधित एएलडीएच2 या जनुकाचा एक प्रकार असलेल्यांचा चेहरा थोड्याशा दारूनेही लाल होतो, मळमळतं, म्हणून ते पितातच कमी, आणि त्यांच्यात गाउटही कमी. तिथे जनुक माणसाची सवयच ठरवतं.

एका तालमीत घुमलेले, एकाच टेबलावर बसणारे दोन मित्र. एकाचा अंगठा सुजतो, दुसऱ्याला काही होत नाही, ते यामुळे. 2018 मध्ये 16,760 लोकांचा अभ्यास आला. रक्तातल्या युरिक अ‍ॅसिडच्या पातळीत माणसामाणसांत जो फरक असतो, त्यातला सुमारे 24 टक्के जनुकांनी उलगडला, आहाराच्या एकूण पद्धतीने मात्र 0.3 टक्केच. याचा अर्थ दारूला मोकळीक मिळाली असा काढू नये. ज्याला गाउट आहे त्याचा पुढचा झटका ओढवायला आदल्या 24 तासांतली दारू पुरते, हे वेगळ्या अभ्यासांतून दिसलेलं आहे.

या दोषारोपाने खरं नुकसान होतं ते उपचाराचं. अ‍ॅलोप्युरिनॉल हे युरिक अ‍ॅसिड कमी करणारं औषध 1966 पासून उपलब्ध आहे. पण आपण प्यायलो म्हणून भोगतोय असं ज्याच्या मनावर बिंबलं, तो दर झटक्याला वेदनाशामक गोळी खाऊन गप्प बसतो. मग कानाच्या पाळीवर, कोपरावर गाठी येतात, मूत्रपिंडावर ताण येतो. दवाखान्यात दारूबद्दल विचारतात तसंच वडिलांना, चुलत्यांना, मामांना हा त्रास होता का हेही विचारायला हवं. कुणी विचारलं नाही तर रुग्णाने आपण होऊन सांगावं, आणि माळकऱ्याने तर आवर्जून सांगावं.