कोपऱ्यातला कर्णा

घरात गाणं ऐकायला कर्ण्याचे स्पीकर ठेवतात, असं सांगितलं की ऐकणारा हमखास नाक मुरडतो. कर्णा म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो प्रचाराच्या रिक्षावरचा, नाहीतर मांडवाच्या बांबूला सुतळीने बांधलेला भोंगा. त्यातून निवांत बसून ख्याल ऐकायचा, ही कल्पनाच सोसत नाही. तरीही अमेरिका, युरोप आणि जपानमध्ये पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे, कपाटाएवढे कर्ण्याचे स्पीकर लोक जिवापाड जपतात. घर बदलायचं झालं तर नव्या जागेत या जोडीला दोन धड कोपरे मिळतात का, ते आधी पाहतात. मालकांशी बोललं की एक अनुभव बहुतेक सगळे सांगतात: आवाज कितीही वाढवा, स्पीकरला कष्ट पडताहेत असं वाटत नाही. या अनुभवामागचं भौतिकशास्त्र फार देखणं आहे आणि ते शाळेतल्या ध्वनीच्या धड्यापासून फारसं लांबही नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. कर्णा आवाज ‘वाढवतो’ असं आपण सर्रास म्हणतो. पण कर्ण्याला ना वीज, ना बॅटरी. पदरची ऊर्जा तो घालणार कुठून? तो फक्त वाया जाणारी ऊर्जा वाचवतो. ती किती वाया जाते याचा अंदाज सहसा नसतो. साध्या पेटीतल्या स्पीकरला १०० वॅट वीज दिली, तर त्यातली जेमतेम १ वॅट ध्वनी होऊन बाहेर पडते. बाकीच्या विजेची उष्णता होते, तीही मुख्यतः स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यामागच्या तारेच्या वेटोळ्यात.

इतकी नासाडी का, तर पडदा जड आणि हवा फार हलकी. क्रिकेटच्या बॅटने पिसाला टोला हाणून पाहा. बॅट सपकन फिरेल, पण पिसाला तिची ऊर्जा घेता येणार नाही, कारण ते बॅटला अडवतच नाही. खालच्या स्वरांच्या बाबतीत तर परिस्थिती आणखी वाईट. ४० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी साडेआठ मीटर असते. ३० सेंटिमीटरचा पडदा इतक्या सावकाश पुढे सरकतो, की समोरच्या हवेला दाबलं जाण्याआधीच कडेने निसटून जायला भरपूर वेळ मिळतो. दाब नाही, तर तरंग नाही. हवेच्या या ‘अडवण्याला’ ध्वनिशास्त्रात इम्पीडन्स म्हणतात. पडद्याचा इम्पीडन्स मोठा, हवेचा छोटा, आणि दोघांचं जुळत नाही.

कर्णा हे जुळवून आणतो. पडद्यासमोर अरुंद गळा आला की हवेची कडेने निसटायची वाट बंद होते आणि पडद्याला रेटायला काहीतरी मिळतं. गळ्याशी दाब जास्त आणि हलणारी हवा थोडी. नळी पुढे रुंद होत जाते तसा दाब उतरतो आणि हलणाऱ्या हवेचा पसारा वाढतो. तोंडाशी पोचेपर्यंत खोलीतल्या मोकळ्या हवेला झेपेल असा तरंग तयार झालेला असतो. आपल्या मधल्या कानात हेच काम उलट दिशेने चालतं. कानाच्या पडद्याचं कामाचं क्षेत्रफळ साधारण ५५ चौरस मिलिमीटर, तर आतल्या कानाच्या अंडाकृती खिडकीचं सुमारे ३. हा फरक आणि तीन हाडांची तरफ मिळून दाब वीसेकपट होतो. ही सोय नसती, तर हवेतून आलेला ध्वनी आतल्या द्रवावर आपटून जवळजवळ सगळाच माघारी फिरला असता.

आता माझ्या सगळ्यात आवडीचा भाग. कर्णा रुंद व्हायला हवा हे खरं, पण किती वेगाने? आर्थर गॉर्डन वेबस्टर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९१९ मध्ये याचं समीकरण छापलं. १९२४ मध्ये हॅना आणि स्लेपियन या दोघा इंजिनिअरांनी घातांकी आकाराची बाजू गणिताने मांडली. घातांकी म्हणजे ठरावीक अंतर गेलं की क्षेत्रफळ दुप्पट, पुन्हा तेवढंच अंतर गेलं की पुन्हा दुप्पट. हे दुपटीचं अंतर ठरलं की तो कर्णा किती खालच्या स्वरापर्यंत काम करेल हेही ठरतं. हिशेब सोपा आहे. १९ ला वारंवारतेने भागायचं, उत्तर मीटरमध्ये येतं. ६४ हर्ट्झपर्यंत जायचं तर दर ३० सेंटिमीटरला दुप्पट, ४० हर्ट्झ हवे असतील तर दर ४७ सेंटिमीटरला.

त्या मर्यादेच्या खाली काय होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. तरंग इतका लांब असतो, की त्याच्या मानाने कर्णा फार झपाट्याने उघडतो. मग गळ्यातली हवा पुढे तरंग न पाठवता नुसतीच मागे-पुढे डोलते. पडद्याचा वेग आणि हवेचा दाब यांच्यात पाव आवर्तनाचा फरक पडतो. अर्ध्या वेळात पडद्याने दिलेली ऊर्जा उरलेल्या वेळात हवा त्याला परत करते आणि बाहेर काहीच जात नाही. घातांकी कर्ण्यात हा बदल हळूहळू होत नाही. मर्यादेच्या वर वाट खुली, खाली बंद.

दुसरी अट तोंडाची. तोंडाचा परीघ निदान एका तरंगलांबीएवढा लागतो. तो कमी पडला तर तरंगाचा बराच भाग तोंडाशी येऊन मागे उलटतो, नळीत अनुनाद उभे राहतात आणि काही स्वर फुगतात, काही दबतात. नाकात बोलल्यासारखा जो आवाज आपण कर्ण्याच्या माथी मारतो, तो बऱ्याचदा असा येतो. मांडवातल्या भोंग्याचं तोंड अर्धा मीटर धरा. परीघ सुमारे १.६ मीटर, म्हणजे २२० हर्ट्झच्या खाली त्याची ताकद संपलीच. गायकाने काळी एकचा सूर लावला असेल तर त्याचा मधला षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास असतो. भोंग्यातून तो मूळ स्वर येतच नाही. वरच्या उपस्वरांवरून आपला मेंदू तो भरून काढतो. मंद्र सप्तक आणि डग्ग्याची घुमक तर लांबच राहिली. त्यात अ‍ॅम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळलेला असतो आणि तरंगांची टोकं छाटली जातात. कर्कशपणा या सगळ्याचा मिळून आहे. कर्ण्याच्या तत्त्वात तो नाही.

मग घरात ४० हर्ट्झ हवे असतील तर? गोल तोंडाचा व्यास पावणेतीन मीटर, क्षेत्रफळ जवळजवळ सहा चौरस मीटर. गळा ५०० चौरस सेंटिमीटरचा धरला तर सात दुपटी, म्हणजे सव्वातीन मीटरहून लांब नळी. सिनेमागृहात पडद्यामागे हे जमतं. बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात अ‍ॅम्प्लिफायर मोजक्या वॅटचे असत, त्यामुळे कर्ण्यांवाचून तिथे गत्यंतर नव्हतं. दिवाणखान्यात मात्र एवढी नळी कोणी ठेवू देणार नाही.

याचा तोडगा लोकप्रिय केला तो पॉल विल्बर क्लिप्श (१९०४–२००२) या इंजिनिअरने. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो आर्कान्सा राज्यातल्या होप या गावी, सैन्याच्या दारूगोळा चाचणी केंद्रात कामाला होता. १९४६ मध्ये त्याने त्याच गावात कंपनी काढली. त्याचा क्लिप्शहॉर्न हा कोपऱ्यात ठेवायचा कर्ण्याचा स्पीकर तेव्हापासून आजतागायत बनतो आहे. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन अशी तीन प्रतलं एकमेकांना काटकोनात भेटतात. ध्वनीसाठी ही तिन्ही प्रतलं म्हणजे आरसे. कोपऱ्यातल्या एका तोंडाच्या सात प्रतिमा तयार होतात, म्हणजे तोंड खऱ्या मापाच्या आठपट असल्यासारखं काम करतं. आता सहा चौरस मीटरऐवजी पाऊण चौरस मीटर पुरतं. दुपटी सातावरून चारावर येतात आणि नळी १.८ मीटरवर. ती लाकडी पेटीत घड्या घालून बसवली, की झालं. शेवटच्या टप्प्यावर तर पेटीला बाहेरची बाजूच नाही. पेटीची पाठ आणि तुमच्या घराच्या भिंती यांमधली जागा हाच कर्ण्याचा शेवटचा तुकडा!

मालकांच्या निम्म्या कथा इथून सुरू होतात. न्यू जर्सीतल्या एका स्नेह्यांकडे सत्तरच्या दशकातली जोडी आहे. घेतल्यावर बरेच दिवस त्यांची तक्रार एकच: तबला स्वच्छ, पण डग्गा पोकळ. आम्ही पेटीमागे टॉर्च धरला, तर पेटीची कड आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर फट, आणि तिच्यातून उजेडाची सरळ रेघ बाहेर. तिकडच्या घरांत भिंतीच्या पायाशी लाकडी पट्टी असते, ती पेटीला आत सरकू देत नाही. त्या फटीतून कर्ण्याचा दाब वाटेतच निसटत होता. नळांवर चढवतात ती फोमची नळी उभी चिरून कडेला बसवली आणि डग्ग्याची मींड एकदम अंगात आली. त्यांच्या भिंतीही आतून पोकळ, जिप्समच्या. खालच्या स्वरांबरोबर त्या स्वतः थरथरतात आणि ऊर्जा खातात. आपल्याकडच्या विटांच्या भिंती या स्पीकरला जास्त मानवतील. कंपनीने अलीकडच्या आवृत्तीची पाठ बंद केली आहे, म्हणून तिचं भिंतीवाचून अडत नाही.

आता त्या ‘कष्ट न पडण्याकडे’ वळू. १ वॅट दिल्यावर १ मीटरवर क्लिप्शहॉर्न साधारण १०४ डेसिबल देतो. शेल्फवरचा छोटा स्पीकर ८६ च्या आसपास. १८ डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीचं ६३ पट अंतर. जिथे त्याला ६३ वॅट लागतात, तिथे याला एक पुरते. पण वीज वाचते हा त्यातला लहान फायदा. पडद्याला फार कमी हलावं लागतं, हा मोठा. पडदा जितका जास्त हलतो, तितका तो मूळ तरंगाशी अप्रामाणिक होतो. शिवाय एकच पडदा खालच्या स्वरासाठी सेंटिमीटरभर हलत असताना वरचा स्वरही वाजवत असेल, तर तो वरचा स्वर जवळ येणाऱ्या आणि दूर जाणाऱ्या उगमातून निघतो. डॉप्लर परिणामाने त्याची वारंवारता थरथरते. क्लिप्शने या विकृतीचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १९७८ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने त्याला रौप्यपदक दिलं, त्यात या मोजमापांचाही वाटा आहे.

याची दुसरी बाजू मालकांना पहिल्याच रात्री कळते. गाणं १८ डेसिबलने वर येतं, तसाच अ‍ॅम्प्लिफायरचा फुसफुसाट आणि घरातल्या विजेची गुणगुणही. छोट्या स्पीकरवर निर्दोष वाटणारा अ‍ॅम्प्लिफायर इथे उघडा पडतो. ऐकायला बऱ्याचदा अर्धा वॅटसुद्धा लागत नाही, म्हणून शंभर वॅट कसे येतात यापेक्षा पहिला वॅट किती स्वच्छ आहे ते महत्त्वाचं. ८ वॅटचे व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर या स्पीकरांवर खुशाल चालतात ते याच हिशेबाने.

या छंदात भोंदूगिरीही भरपूर आहे, आणि तिची मला मनापासून चीड आहे. लाखाच्या घरातल्या तारा ‘आवाज उघडतात’ असं छातीठोकपणे सांगून विकल्या जातात. ५ मीटर लांब, अडीच चौरस मिलिमीटर जाडीची साधी तांब्याची तार घ्या. जाऊन-येऊन तिचा रोध ०.०७ ओहम भरतो. काही ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे आणि ही तार वायरिंगच्या कोणत्याही दुकानात मिळते. क्लिप्श स्वतः कोटाच्या कॉलरखाली एक पिवळा बिल्ला लावायचा, त्यावर ‘शुद्ध बकवास’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द होता. समोरचा थापा मारू लागला की तो कॉलर उलटून दाखवायचा.

कर्ण्याचे दोषही खरे आहेत. घड्यांमधून येणारा खालचा स्वर १.८ मीटर जास्त चालतो, म्हणजे पाचेक मिलिसेकंद उशिरा पोचतो. १९३० च्या दशकात हॉलिवूडमध्ये एलिनॉर पॉवेलच्या टॅप नृत्याचा प्रत्येक ठोका कर्ण्यांतून दुहेरी ऐकू आला, कारण तिथे हा फरक याहून मोठा होता. त्यातून एमजीएम स्टुडिओच्या डग्लस शिअररच्या चमूने नवी रचना केली आणि तिला ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. पाच मिलिसेकंद बहुतेकांना जाणवत नाहीत. ज्यांना जाणवतात ते हे स्पीकर विकून टाकतात.

जुनी जोडी घेणाऱ्याने खालच्या स्वरांच्या मोठ्या युनिटची, म्हणजे मोठ्या पडद्याची, फार चिंता करू नये. त्याच्या कडेला घड्यांचं कापड असतं, फोमसारखं ते कुजत नाही. वरच्या स्वरांचं छोटं युनिट मात्र छाटलेल्या तरंगांनी जळतं, तेव्हा ते दोन्हींकडे कान लावून तपासावं. खरा संशय धरायचा तो क्रॉसओव्हरमधल्या, म्हणजे युनिटांमध्ये स्वरांची वाटणी करणाऱ्या सर्किटमधल्या कपॅसिटरांवर. २ आणि १३ मायक्रोफॅरडचे ते धातूचे डबे वरचे स्वर वरच्या युनिटांकडे पाठवतात. चाळीस वर्षांत त्यांचा अंतर्गत रोध वाढतो आणि वरचे स्वर हळूहळू मंदावतात. याच मंद आवाजाला ‘जुन्याचा गोडवा’ म्हणून भाव दिला जातो. नवे कपॅसिटर घातल्यावर काही मालक बिचकतात, आवाज फार तेज झाला म्हणतात. पण कारखान्यातून निघाला तेव्हा त्या स्पीकरचा आवाज याच्याच जवळचा होता. काढलेले जुने डबे फोडू नयेत. १९७९ च्या बंदीआधीच्या काही तेलभरल्या कपॅसिटरांत पीसीबी हे विषारी रसायन असे, म्हणून ते हातमोजे घालून काढावेत आणि घातक कचऱ्यातच द्यावेत.