सांबा: फाईल शेअरिंग सर्व्हर आणि त्यात वाट काढणं

सांबा हे लिनक्सवर, म्हणजे विंडोजसारख्याच पण मोफत मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, चालणारं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. लिनक्स मशिनवरचे फोल्डर आणि प्रिंटर विंडोजवाल्या कॉम्प्युटरला नेटवर्कवरून वापरता यावेत यासाठी ते आहे. विंडोज यासाठी एसएमबी नावाचा प्रोटोकॉल, म्हणजे मशिननी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत, वापरतं, तोच सांबा लिनक्सवर बोलतो. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या नॅशनल युनिव्हर्सिटीत शिकत असताना अँड्र्यू ट्रिजेल यांनी डिसेंबर १९९१ आणि जानेवारी १९९२ मध्ये पहिली आवृत्ती लिहिली, तीही नेटवर्कवरून जाणारी डेटाची पाकिटं बघून बघून, प्रोटोकॉल ओळखत ओळखत. परवाना जीपीएल, म्हणजे पैसे नाहीत आणि सोर्स कोड सगळ्यांना खुला. डिसेंबर २०१२ मध्ये ४.० आलं आणि तेव्हापासून सांबा विंडोजच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरी पद्धतीचा डोमेन कंट्रोलर, म्हणजे अख्ख्या ऑफिसचे लॉगिन एका जागेवरून सांभाळणारा सर्व्हर, पण होऊ शकतो, पण छोट्या जागेला त्याची गरज पडत नाही.

आपल्याकडं मराठवाड्यात याचा उपयोग कुठं होतो तर लातूरच्या क्लासमध्ये, नांदेड-परभणीच्या डीटीपीच्या दुकानात, शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये. पेपर एकानं टाईप करायचा, दुसऱ्यानं तपासायचा, तिसऱ्यानं प्रिंट काढायची, आणि तोवर पेनड्राईव्ह तीन मशिनचे व्हायरस घेऊन फिरलेला असतो, शिवाय शेवटची फाईल नेमकी कोणती हे कुणालाच सांगता येत नाही. एक जुना पीसी, त्यात लिनक्स, कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा एक नेटवर्क स्विच आणि सांबा, एवढ्यावर हे मिटतं. सगळं लोकल नेटवर्कवर चालत असल्यानं इंटरनेट गेलं तरी फाईली उघडत राहतात, आणि आपल्याकडं ही लई मोठी सोय आहे. फक्त सर्व्हरला यूपीएस पाहिजेच, कारण लाईट गेली की लिहिता लिहिता फाईल अर्धवट राहते.

आत शिरायचं तर आधी सेटिंगची फाईल बघायची. ती लिनक्सच्या इटीसी फोल्डरमधल्या सांबा फोल्डरात असते, नाव एसएमबी डॉट कॉन्फ (/etc/samba/smb.conf). साधी टेक्स्ट फाईल आहे, चौकोनी कंसात नाव आणि खाली ओळी. ग्लोबल हा भाग सगळ्या सर्व्हरसाठी, होम्स हा प्रत्येकाच्या स्वतःच्या फोल्डरसाठी, आणि बाकी भाग आपण नाव देऊ तसे शेअर, म्हणजे नेटवर्कवर खुली केलेली फोल्डरं. शेअरमध्ये फोल्डर कुठं आहे, कुणाला परवानगी आहे, लिहिता येतं का नुसतं वाचता येतं, एवढंच सांगायचं असतं. बदल केला की टेस्टपार्म (testparm) ही कमांड चालवायची, चूक असली तर ती दाखवते. कोण जोडलेलंय आणि कुणी फाईल उघडून ठेवलीय हे एसएमबीस्टेटस (smbstatus) या कमांडमध्ये दिसतं.

खरी अडचण वेगळीच असते. फोन येतो, "सर, फोल्डर दिसायलंय पण उघडंना गेलंय." इथं एक गोष्ट पक्की समजून घ्या, सांबाच्या फोल्डरला दोन कुलपं असतात. एक सांबाचं, म्हणजे smbpasswd या कमांडनं दिलेला वेगळा पासवर्ड आणि शेअरमधली परवानगी. दुसरं लिनक्सचं, म्हणजे त्या फोल्डरचा मालक, ग्रुप आणि त्याचे हक्क. दोन्ही उघडली तरच फाईल हातात येते, आणि दोन्हींत जे जास्त कडक तेच चालतं. सांबात लिहायची परवानगी दिली आणि लिनक्सवर फोल्डर रूटच्या, म्हणजे लिनक्सच्या मुख्य युजरच्या, नावावर राहिलं तर काही लिहिता येणार नाही, कितीही वेळा सर्व्हर रिस्टार्ट करा. नवीन माणूस जोडताना पण आधी लिनक्सचा युजर तयार करायचा, मग सांबाचा पासवर्ड द्यायचा, हा क्रम बदलत नाही.

विंडोजकडूनही एक घोळ होतो. एकाच विंडोज मशिनवरून एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन वेगळ्या युजरच्या नावानं ते जोडू देत नाही, म्हणून त्या मशिनवर सकाळी एकानं लॉगिन करून ठेवलं असेल तर दुपारी दुसऱ्याचा पासवर्ड बरोबर असूनही एरर येते. जुनं कनेक्शन तोडायचं, मग जोडायचं. नेटवर्कच्या यादीत सर्व्हर दिसला नाही तर घाबरू नका, पत्त्याच्या पट्टीत दोन उलटे स्लॅश (\\) आणि सर्व्हरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा आकड्यांचा पत्ता, टाका, बहुतेक वेळा उघडतं.

मराठी फाईलनावं व्यवस्थित चालतात, पण लांबलचक नको. लिनक्सच्या ईएक्सटी४ (फाईली साठवायची लिनक्सची नेहमीची पद्धत) डिस्कवर नावाला २५५ बाईट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटी धरून, ३ बाईट घेतं, म्हणजे साधारण ८५ चिन्हांत नाव संपवायचं. विंडोजच्या स्वतःच्या डिस्कवर चाललेलं "दहावी मराठी सराव प्रश्नपत्रिका..." वालं लांब नाव इथं कॉपी होताना अडतं ते यामुळं.

अजून एक, नेटवर्कवरून डिलीट केलेली फाईल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. सांबात रिसायकल नावाचं मॉड्यूल आहे, ते शेअरमध्ये चालू केलं की पुसलेलं एका फोल्डरात साठतं. हे पहिल्याच दिवशी चालू करावं, बॅकअप तरी वेगळा पाहिजेच.

सुरक्षेचं म्हणाल तर मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस विंडोजच्या एसएमबी१, म्हणजे एसएमबीच्या जुन्या आवृत्तीमधल्या, भोकातून पसरला, आणि त्याच महिन्यात सांबाचंही ३.५.० पासूनच्या आवृत्त्यांमधलं एक गंभीर भोक जाहीर झालं, दुरुस्तीही लगेच आली. सांबा ४.११ पासून एसएमबी१ मुळातच बंद असतं. जुन्या स्कॅनर-कॉपियरसाठी ते परत चालू करायचा आग्रह होतो, तो टाळलेला बरा. पोर्ट ४४५, म्हणजे एसएमबी ज्या दारातून चालतं ते, राऊटरवरून इंटरनेटला कधीच उघडू नका, घरून काम पाहिजे असेल तर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट, लावा.