रजेच्या जागेवर शिकवायला जाताय? पोलीस पडताळणी नेमकी कुठे अडते

शाळा म्हणते, पोलीस पडताळणी आणा, मग पत्र देतो. पोलिसांचं संकेतस्थळ म्हणतं, शाळेचं पत्र जोडा, मग पडताळणी करतो. रजेच्या जागेवर किंवा तासिकेवर शिकवायला निघालेली बरीच मंडळी इथेच अडकतात. शाळेच्या ऑफिसात टेबलाच्या आतल्या बाजूला बसून मी हे वर्षानुवर्षं पाहत आलो, म्हणून हा मजकूर.

आधी एक गैरसमज. "आम्ही चार महिन्यांचे पाहुणे, आम्हाला कशाला पडताळणी?" असं विचारणारे अजून भेटतात. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांत स्पष्ट आहे की, मुलांशी संपर्क येणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी शाळेने करायची, मग तो शिक्षक असो की शिपाई, कायम असो की कंत्राटी. पूर्वी शाळा याकडे काणाडोळा करायच्या. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतली लहान मुलींवरच्या अत्याचाराची घटना उघड झाली, त्यानंतर शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला आणि आता कुठलाच मुख्याध्यापक धोका पत्करत नाही. ते बरोबरच आहे.

पात्रतेचं थोडक्यात: पहिली ते पाचवीला डी.एड., सहावी ते आठवीला डी.एड. किंवा बी.एड., आणि दोन्हीकडे टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा (पाचवीपर्यंत पेपर एक, सहावी ते आठवी पेपर दोन), नववी-दहावीला विषयाची पदवी आणि बी.एड. फक्त टीईटी आणि टेट यांची गल्लत करू नका. टेट ही 'पवित्र' या सरकारी शिक्षकभरती पोर्टलसाठीची अभियोग्यता चाचणी. तिच्यात कितीही गुण असले तरी ती टीईटीची जागा घेत नाही.

आता पत्राचं. मुख्याध्यापक पत्र द्यायला कचरतात, कारण पत्र दिलं म्हणजे नेमणूक दिली, उद्या हा माणूस हक्क सांगेल, अशी त्यांना भीती असते. म्हणून मसुदा तुम्हीच करून न्या. शाळेच्या लेटरहेडवर, पोलीस आयुक्त किंवा पोलीस अधीक्षक यांच्या नावे: "श्रीमती अमुक यांची आमच्या विद्यालयात रजा कालावधीसाठी सहशिक्षिका म्हणून नेमणूक विचाराधीन असून त्याकरिता चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र आवश्यक आहे." 'विचाराधीन' हा एक शब्द बघितला की सहीचं पेन उघडतं. खाली सही, गोल शिक्का आणि वर जावक क्रमांक (बाहेर जाणाऱ्या पत्राचा शाळेच्या वहीतला नोंद क्रमांक) घ्यायला विसरू नका. जावक क्रमांक नसलेलं पत्र म्हणजे चिठ्ठी.

आणि हो, कॉलेजच्या प्राचार्यांनी दिलेला 'वर्तणूक चांगली' असा दाखला म्हणजे पोलीस पडताळणी नव्हे. सरपंचांचाही नाही. नावं सारखी वाटतात म्हणून लोक तोच जोडतात.

अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या 'पोलीस क्लिअरन्स सर्व्हिसेस' या संकेतस्थळावर भरायचा. फोटो, सही, ओळखपत्र, पत्त्याचा आणि जन्मतारखेचा पुरावा, शाळेचं पत्र आणि शुल्क. भरायला अर्धा तास लागतो. गाडी अडते ती दोन ठिकाणी.

एक म्हणजे हद्द. चाकण, आळंदीची माणसं सवयीने पुणे ग्रामीण निवडतात, पण २०१८ पासून ती ठाणी पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आहेत. वसई-विरारकर अजून पालघर निवडतात, तिथे २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार असं वेगळं आयुक्तालय आहे. राहत्या जागेच्या ठाण्यात फोन करून विचारा आणि मगच निवडा. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार हाताशी ठेवा, आधारवर गावचा पत्ता आणि राहणं शहरात, हा घोळ ठाण्यात हमखास निघतो.

दुसरं नाव. मागे एक बाई प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळं नीट लावून आल्या होत्या. बी.एड.ची गुणपत्रिका माहेरच्या नावाची, टीईटीचं प्रमाणपत्र माहेरच्या, आधार सासरच्या नावाचं आणि पॅनवर मधलं नाव वडिलांचं. एकाच बाईची तीन नावं! विवाह नोंदणी प्रमाणपत्र नव्हतं, कारण लग्नानंतर नोंदणी करायचं राहूनच गेलं. ते काढून आणेपर्यंत शाळेने दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं होतं. बाईंचा यात दोष किती, आणि एकमेकांशी न बोलणाऱ्या खात्यांचा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ज्यांचं लग्न झालंय त्यांनी हे एक काम नोकरीची वाट न पाहता आजच उरकावं. राजपत्रात नावबदल केला असेल तर ती प्रतही.

जुना गुन्हा असेल तर लपवू नका. आंदोलनातला, शेजाऱ्याशी भांडणातला, काहीही असो. निर्दोष सुटला असाल तर निकालाची प्रमाणित प्रत जोडा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात सांगितलंय की, माहिती दडवली असली तरी गुन्हा किती किरकोळ होता हे मालकाने पाहावं. पण शाळा कोर्टात जायच्या भानगडीत पडत नाही. ती सरळ दुसरा उमेदवार बघते.

वेळेचं गणित मात्र क्रूर आहे. प्रसूती रजा १८० दिवसांची. तुम्हाला निरोप येतो तो बाई रजेवर गेल्यावर, पडताळणीत जातात काही आठवडे, मधे दिवाळीची सुट्टी, आणि कायम शिक्षिका हजर झाल्या की त्या दिवशी तुमचं काम संपलं. आदेशात 'रजा कालावधीपुरते किंवा मूळ शिक्षक हजर होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल ते' असं असतं. लोक पहिला अर्धाच वाचतात.

पगार कोण देणार, हे रुजू होण्याआधी तोंडी नव्हे, आदेशात लिहून घ्या. संस्था स्वतःच्या खिशातून देणार असेल तर सुट्टीचे पैसे मिळणार का, तासिकेचा हिशोब कोण ठेवणार, हेही तेव्हाच विचारा. तुमच्या नावाच्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी, म्हणजे वैयक्तिक मान्यता, घेणार का, हेसुद्धा. मान्यतेशिवाय केलेली सेवा पुढे मोजून घ्यायला गेलात की दारं बंद दिसतात.

प्रमाणपत्र हातात आलं की दोन रंगीत प्रती काढा आणि मूळ प्रत शाळेत देऊ नका. पुढच्या शाळेसाठी ते चालेलच असं नाही, कारण अर्जात याच शाळेचं नाव भरलेलं असतं. तिथे पुन्हा पत्र, पुन्हा जावक क्रमांक.