आयुष्मान कार्डावर एमआरआय, सीटी : प्रकरण अडतं कुठे?

इंदूरमध्ये रामबाग, लोकमान्यनगरकडचे काका-काकू ओपीडीची पर्ची आणि कार्ड घेऊन येतात, आणि एमआरआय न होताच परत जातात. आयुष्मान योजना भरती झालेल्या रुग्णासाठी आहे, नुसत्या पर्चीवर तपासणी होत नाही. भरतीआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस योजनेत धरतात. लोक हे आकडे उलटे लक्षात ठेवतात, पंधरा दिवस आधी बाहेर पैसे भरून स्कॅन करतात आणि बिल आणतात. ते पैसे परत मिळत नाहीत. कृपा करून आधी विचारा.

सत्तरी पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतं. घरच्यांचं जुनं कार्ड असलं तरी ज्येष्ठांनी पुन्हा ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) करायची असते. वय मात्र आधारवरचंच धरतात. एका आजींचं खरं वय त्र्याहत्तर, आधारवर अडुसष्ट. शाळेचा दाखला कुणाकडे असणार? जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, म्हणून पुरावा नीट जमवूनच जा. बाकीच्यांना समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक) लागतो. त्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळवून घ्या. लग्नानंतरचं आडनाव इथेच नडतं.

सगळ्यात जास्त प्रकरणं अडतात ती डॉक्टरांच्या एका ओळीवर : 'कंबरदुखी, एमआरआय करा.' मंजुरी देणाऱ्याला कारण हवं असतं, आणि ते रास्त आहे. साध्या कंबरदुखीत धोक्याची लक्षणं नसतील तर पहिले सहा आठवडे औषध आणि हालचाल पुरते, एमआरआयने उपचार बदलत नाही. सीटीत तर किरणांचा मारा असतो. पण पायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला, ताप आहे, आधी कॅन्सर झाला होता, यांतलं काही असेल तर ते केसपेपरवर लिहिलेलं हवं. दुखणं किती दिवसांचं, कोणते उपचार झाले, तपासणीत काय दिसलं, हेही डॉक्टरांकडून लिहून घ्या. लाजू नका.

'क्वेरी आलीय' (म्हणजे मंजुरी देणाऱ्याने शंका काढलीय) एवढं सांगून रुग्णाला बाकावर बसवून ठेवतात, याचा मला फार राग येतो. नेमका कोणता कागद कमी आहे ते आयुष्मान मित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला विचारा. उत्तर मिळालं नाही तर योजनेच्या हेल्पलाइनला, १४५५५ वर फोन करा.

जुन्या फिल्म आणि रिपोर्ट सोबत न्या, तीच तपासणी पुन्हा करावी लागणार नाही. पेसमेकर असेल तर एमआरआयआधीच सांगा. कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलं जाणारं औषध) देऊन सीटी असेल तर क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट जवळ ठेवा.