यूएफओ : एनिमी अननोन

पाळीपाळीने खेळायचा, विज्ञानकथेवर बेतलेला व्यूहरचनेचा संगणक खेळ. इंग्लंडमधील ज्युलियन व निक गॉलप या भावांच्या मायथॉस गेम्सने तो रचला. मायक्रोप्रोजने १९९४ मध्ये डॉस या जुन्या संगणक-प्रणालीसाठी बाजारात आणला. अमेरिकेत त्याचे नाव 'एक्स-कॉम : यूएफओ डिफेन्स'. ज्युलियन यांच्या 'लेझर स्क्वॉड' (१९८८) या खेळाचा पुढचा भाग काढायचा, एवढाच मूळ बेत होता.

कथा १ जानेवारी १९९९ ला सुरू होते. परग्रहावरच्या तबकड्या पृथ्वीवर उतरू लागतात आणि १६ देश वर्गणी काढून एक्स-कॉम ही संघटना उभी करतात. वर्गणीदारांत भारतही आहे. तळ बांधायचे, तबकड्या पाडायच्या, तिथे सापडलेली शस्त्रे प्रयोगशाळेत उलगडायची आणि शेवटी मंगळावरच्या सायडोनियात शत्रूचे मूळ उखडायचे.

खेळाचा खरा जीव टाइम युनिटमध्ये, म्हणजे 'टीयू'त आहे. प्रत्येक सैनिकाला दर पाळीला ते ठरावीक मिळतात. सपाट जमिनीवर एक घर चालायला ४, गुडघा टेकायला ४. नेम धरून गोळी झाडायला बरेच जास्त. पण सगळे खर्च करणारा फसतो. शत्रूची पाळी चालू असताना तो समोर आला, तर ज्याच्याकडे टीयू शिल्लक आहेत तोच उलट गोळी झाडू शकतो. हात राखून खेळणे इतक्या नेमकेपणाने शिकवणारा दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही.

इंदूरला आमच्या रामबागेतल्या घरी संगणक एक आणि भावंडे चार. खेळ एकट्याचा, म्हणून आम्ही सैनिक वाटून घेत असू. त्यांची नावे बदलता येतात. आम्ही घरातलीच ठेवली. शेव-परमलची पुडी मध्ये ठेवून सगळे पडद्याकडे डोळे लावून बसत आणि कुणी एक पाऊल जास्त टाकले की ओरडा होई : "दादा, टीयू ठेव!" मेलेला सैनिक परत येत नाही. अंधारात दाराआडून आलेल्या एका गोळीने 'आत्या' पडली, त्या रात्री कुणी पुढे खेळले नाही.

२००० नंतरच्या वीजकपातीच्या वर्षांत तर दर पाळीला डाव सेव्ह करावा लागे. मूळ डॉस आवृत्तीत एक मोठा दोष होता : निवडलेली अवघड पातळी टिकत नसे, खेळ गुपचूप सर्वांत सोप्या पातळीवर उतरे. हे ठाऊक नसल्याने खेळ फार सोपा असल्याची तक्रार झाली आणि १९९५ चा पुढचा भाग 'टेरर फ्रॉम द डीप' मुद्दाम कितीतरी कठीण केला गेला.

फिरॅक्सिस या कंपनीने २०१२ मध्ये नवी आवृत्ती काढली. तीत टीयू नाहीत; सैनिकाला पाळीमागे दोन कृती मिळतात. खेळ देखणा आहे, पण पावलापावलाचा हिशेब त्यातून गेला. तो हवा असेल त्यांच्यासाठी 'ओपनएक्सकॉम' हा मुक्त प्रकल्प आहे. मूळ खेळाच्या फायली घेऊन तो आजच्या संगणकावर चालतो. त्यात पातळीचा दोष दुरुस्त केलेला आहे. 'सुपरह्यूमन' ही सर्वांत अवघड पातळी खरोखर किती कठीण, हे आम्हाला तिथे पहिल्यांदा कळले.