विशेष शिक्षणासाठी शिफारस, मूल्यमापन आणि प्रवेश: प्रक्रिया, पात्रता व कागदपत्रे

नेहमीच्या वर्गात बसूनच मिळणारे अतिरिक्त साहाय्य, दिवसातील काही तासिका विशेष शिक्षकाकडे, स्वतंत्र वर्ग, विशेष शाळा किंवा घरी येऊन दिले जाणारे शिक्षण, या सर्वांचा समावेश विशेष शिक्षणात होतो. त्यामुळे येथील प्रवेश इतर प्रवेशांसारखा अर्ज भरून जागा मिळवण्याचा नसतो. आधी मुलाची गरज तपासली जाते, त्या गरजेनुसार आराखडा तयार होतो आणि तो कोठे राबवायचा हे सर्वांत शेवटी ठरते. शाळा आधी निवडून नंतर गरज शोधणे हा उलटा क्रम मुलाच्या हिताचा नाही आणि अनेक देशांच्या नियमांतही बसत नाही. कालमर्यादा व नमुने देशागणिक बदलत असले, तरी शिफारस, संमती, मूल्यमापन, पात्रता, आराखडा आणि फेरआढावा हे टप्पे बहुतेक ठिकाणी सारखेच आढळतात.

प्रक्रियेची सुरुवात शिफारशीने होते. ती वर्गशिक्षक करू शकतात, मुख्याध्यापक किंवा समुपदेशक करू शकतात, आणि पालक स्वतःही करू शकतात; पालकांचा हा अधिकार अमेरिका आणि इंग्लंड या दोन्ही देशांच्या कायद्यांत स्पष्टपणे दिलेला आहे. भारतातील दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा शाळेत जाणाऱ्या मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करून दिव्यांग मुले ओळखण्याची, तसेच विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील अडचण) शक्य तितक्या लवकर हेरण्याची जबाबदारी यंत्रणेवर टाकतो. विनंती कोणीही केली, तरी ती लेखी असावी, तिच्यावर तारीख असावी आणि तिची पोच घेतलेली असावी, असा माझा आग्रह आहे, कारण पालक-शिक्षक भेटीत तोंडी मांडलेल्या चिंतेची कोठेही नोंद राहत नाही आणि मुलाचे वर्ष मात्र निघून जाते.

अर्जात काय लिहावे, याला फार महत्त्व आहे. ‘मुलगी अभ्यासात मागे आहे’ या वाक्यातून तपासणाऱ्याला काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी ‘मुलगी तिसरीत आहे, दुसरीच्या पुस्तकातील परिच्छेद वाचताना जोडाक्षर आले की थांबते आणि पुढचा शब्द अंदाजाने बोलते, तोच परिच्छेद वाचून दाखवल्यास सर्व प्रश्नांची उत्तरे तोंडी व बरोबर देते, लिहिताना मात्र ती उत्तरे अपुरी राहतात’ असे लिहिले, तर अडचण आकलनात नसून वाचन-लेखनात असू शकते, ही दिशा पहिल्याच कागदावर मिळते. अडचण केव्हापासून दिसते, कोणत्या विषयात दिसते आणि आतापर्यंत कोणते उपाय केले, हेही त्यात यावे.

या टप्प्यावर पुष्कळदा ‘थोडे थांबू, वयाबरोबर सुधारेल’ असे उत्तर मिळते. वर्गातच काही आठवडे वेगळ्या पद्धतीने शिकवून पाहणे योग्यच आहे. मात्र त्या कारणाने मूल्यमापन लांबवणे योग्य नाही. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने 2011 मध्ये राज्यांना हे स्पष्ट शब्दांत कळवले होते.

मूल्यमापनापूर्वी पालकांची लेखी संमती घेतली जाते. अमेरिकेत ही संमती शाळेला मिळाल्यापासून 60 दिवसांत, किंवा राज्याने वेगळी मुदत ठरवली असल्यास त्या मुदतीत, प्राथमिक मूल्यमापन पूर्ण करावे लागते. इंग्लंडमध्ये विनंती आल्यापासून सहा आठवड्यांत मूल्यमापन करायचे की नाही हे स्थानिक प्राधिकरणाला कळवावे लागते, आणि आराखडा द्यायचा ठरल्यास संपूर्ण प्रक्रिया 20 आठवड्यांत संपवणे अपेक्षित असते.

अर्जासोबत सामान्यतः जन्माचा दाखला, पत्त्याचा पुरावा, मागील वर्षांची प्रगतिपुस्तके, वह्यांतील निवडक पानांच्या प्रती, वैद्यकीय इतिहास आणि वाचा-उपचार किंवा इतर उपचार झाले असल्यास त्यांचे अहवाल द्यावे लागतात. भारतात यांखेरीज सक्षम प्राधिकरणाने दिलेले दिव्यांगत्व प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तींचे विशिष्ट ओळखपत्र) मागितले जाते. दृष्टी आणि श्रवण यांच्या तपासणीचे अहवाल शक्य तितक्या आधी मिळवावेत. ज्या मुलाला मागच्या बाकावरून फळा नीट दिसत नाही किंवा शिक्षकांचे बोलणे अर्धेच ऐकू येते, त्याच्यावर लक्ष न देण्याचा शिक्का सहज बसतो. मूळ कागद आपल्याकडेच ठेवून प्रती द्याव्यात.

मूल्यमापन एका चाचणीवर उरकता येत नाही. बुद्ध्यांक चाचणी हा त्याचा केवळ एक भाग असतो. वर्गनिरीक्षण, वाचन, लेखन व गणिताच्या चाचण्या, भाषा व वाचा, वर्तन, हालचाली आणि पालकांनी दिलेली माहिती हे सर्व एकत्र पाहावे लागते. चाचणी कोणत्या भाषेत घेतली, हा प्रश्न पालकांनी अवश्य विचारावा. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी असलेल्या मुलाला परक्या भाषेत तपासले, तर भाषेचे अपरिचितपण अक्षमता म्हणून नोंदले जाण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या कायद्यात म्हणूनच मुलाच्या स्वतःच्या भाषेत चाचणी घेण्याची तरतूद आहे, आणि इंग्रजी कमी येणे किंवा वाचन-गणित नीट शिकवलेलेच नसणे हे पात्रतेचे निर्णायक कारण ठरवता येत नाही.

पात्रता ठरवताना सहसा दोन गोष्टी पाहिल्या जातात: मुलाला अक्षमता आहे का, आणि तिच्यामुळे त्याला विशेष शिक्षणाची गरज पडते का. केवळ डॉक्टरांचे निदान पुरेसे ठरेलच असे नाही. उलट इंग्लंडमध्ये मूल्यमापनाच्या विनंतीसाठी निदान असणे ही अटच नाही. अमेरिकेत पात्रतेसाठी अक्षमतेचे 13 गट असून 3 ते 21 ही वयोमर्यादा आहे. भारताच्या 2016 च्या अधिनियमात 21 प्रकारचे दिव्यांगत्व नमूद आहे. 40 टक्के किंवा त्याहून अधिक, म्हणजेच लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयोगटातील मुलांना जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क आहे. बहुविकलांग व तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना गृहाधारित शिक्षणाचा पर्याय शिक्षण हक्क कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीने दिला.

पात्रता मान्य झाल्यावर वैयक्तिक शिक्षण आराखडा तयार होतो. अमेरिकेत त्यासाठीची बैठक 30 दिवसांत घ्यावी लागते आणि पालक त्या गटाचे सदस्यच असतात. ‘वाचन सुधारेल’ असे उद्दिष्ट स्वीकारू नये. मूल आज काय करू शकते, किती महिन्यांत काय करू शकेल, ते कोण, आठवड्यातून किती तासिका शिकवणार आणि प्रगती कशी मोजणार, हे आराखड्यात लिहिलेले असावे. मूल्यमापनाला दिलेली संमती सेवा सुरू करण्याची संमती मानली जात नाही. अमेरिकेत दुसऱ्या वेळी वेगळी सही घ्यावी लागते. ठिकाणाचा निर्णय यानंतर होतो. इंग्लंडमध्ये आराखड्यात सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळेचे नाव नोंदवले गेले, की त्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

निर्णय अमान्य असल्यास नकाराची कारणे लेखी मागावीत. अमेरिकेत शासकीय खर्चाने स्वतंत्र मूल्यमापन मागता येते, तसेच मध्यस्थी व सुनावणीचे मार्ग आहेत. इंग्लंडमध्ये न्यायाधिकरणाकडे, तर भारतात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येते. आराखड्याचा आढावा दरवर्षी घेतला जातो, आणि अमेरिकेत साधारणपणे दर तीन वर्षांनी पुनर्मूल्यमापन होते. मधल्या काळात शाळा बदलली, तर चालू आराखडा, अहवाल आणि सेवांची नोंद नव्या शाळेकडे पहिल्याच दिवशी द्यावी; अमेरिकेत नव्या शाळेला आपला आराखडा तयार होईपर्यंत पूर्वीसारख्याच सेवा चालू ठेवाव्या लागतात.