टेस्ट टार्गेटवरचं एक भोक आणि आपला हात

नवीन एअर पिस्तूल घ्यायचं ठरलं की रेंजवर पहिला प्रश्न हाच, "ग्रुपिंग कसं आहे?", म्हणजे छर्रे एकमेकांच्या किती जवळ लागतात. बॉक्समध्ये कंपनीने दिलेला छोटा कागद असतो, पिस्तूल व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, आवळून १० मीटरवरून पाच छर्रे मारलेले, आणि कागदावर पाच नाही तर जवळपास एकच भोक दिसतं. ते बघून माणूस हरखतो, मग दोन पिस्तुलांचे कागद शेजारी ठेवून कुठलं भोक बारीक ते बघत बसतो. मला अगदी मनापासून वाटतं की खूप जणांचा हिशेब इथेच चुकतो, खासकरून मुलांसाठी पिस्तूल घेणाऱ्या आईवडलांचा, कारण पैसा त्यांचा जातो आणि तो थोडाथोडका नसतो.

आकडे बघा. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं, छर्रा ४.५ मिमीचा. छर्र्याची कड रेषेला नुसती शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे मध्यापासून ८ मिमी लांब गेलेला शॉटसुद्धा दहाच. आता समजा तुमच्या हाताची चूक १० मिमी आणि पिस्तुलाची स्वतःची २ मिमी. या दोन चुकांची सरळ बेरीज होत नाही, शाळेतल्या पायथागोरससारखं वर्ग करून मिळवायचं आणि वर्गमूळ काढायचं, उत्तर येतं १०.२. पिस्तूल दुप्पट वाईट घ्या, ४ मिमीचं, तरी एकूण १०.८. हाताच्या चुकीत नळीची चूक पार बुडून जाते! फायनलला दशांशात गुण मोजतात, ०.८ मिमीला ०.१ गुण जातो, तिथे नळीचा फरक कळतो, पण तिथपर्यंत पोचणाऱ्याचा हातही तसाच बसलेला असतो. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी, कुठलंही चालू मॅच पिस्तूल घ्या, नळी आपल्यापेक्षा चांगलीच मारते.

मग चूक येते कुठून? साइटमधून, म्हणजे नेम धरायला पुढे असलेली उभी पट्टी आणि मागची खाच यांच्यातून. पुढची आणि मागची साइट यांच्यात साधारण ३३ सेंमी अंतर असतं. अख्खा हात ५ मिमी बाजूला हलला आणि पिस्तूल सरळच राहिलं तर शॉट ५ मिमीच सरकतो, पण पुढची साइट खाचेत नुसती १ मिमी कलली तर १० मीटरवर ते ३० मिमी होतं, म्हणजे दहाचा थेट सात. आणि साइट कलते बहुतेक वेळा ट्रिगर ओढतानाच. नियमाने ट्रिगर ओढायला किमान ५०० ग्रॅम वजन लागलं पाहिजे, त्यातलं बरंचसं वजन पहिल्या टप्प्यात बोट घेतं, मग एक भिंत लागते, म्हणजे बोट अडल्यासारखं होतं आणि त्यापुढे जरा दाबलं की शॉट सुटतो, आणि ती भिंत रोज, प्रत्येक शॉटला, त्याच जागी लागली पाहिजे. बिल्ड क्वालिटी म्हणजे मला हे वाटतं, धातूवरचं चकचकीत ॲनोडायझिंग नाही.

मी एक सेकंडहँड पिस्तूल घेतलं होतं, दिसायला नवं कोरं. थोडं थांबून मारलेला पहिला शॉट हमखास वर जायचा आणि मी महिनाभर मनगटाला दोष देत राहिले. दोष रेग्युलेटरचा निघाला. पिस्तुलाच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाची हवा असते, रेग्युलेटर ती कमी करून ठरावीक दाबाने पुढे देतो, सील झिजलं की थांबल्यावर दाब हळूहळू चढत जातो आणि पुढचा छर्रा जास्त वेगाने सुटतो. छर्रा सेकंदाला १५० मीटरने गेला तर १० मीटरपर्यंत साधारण २२ मिमी खाली येतो, १६० ने गेला तर १९. हा ३ मिमीचा फरक व्हाइसमध्ये आवळून सलग मारलेल्या पाच शॉट्समध्ये कधीच दिसणार नाही, कारण तिथे कोणी थांबतच नाही.

टोकियो ऑलिम्पिकला २०२१ मध्ये १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लीव्हर, म्हणजे प्रत्येक शॉटआधी पिस्तूल तयार करायची दांडी, क्वालिफिकेशन चालू असतानाच तुटला, दुरुस्तीत वेळ गेला, ५७५ वर ती बारावी राहिली आणि फायनल हुकली. नळीत काही खोट नव्हती. तीच मनू २०२४ ला पॅरिसमध्ये याच प्रकारात ब्राँझ घेऊन आली, नेमबाजीत ऑलिम्पिक पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला. म्हणून म्हणते, लीव्हर, स्क्रू, रबरी ओ-रिंग हे सुटे भाग इथे मिळतात का आणि ते बसवून देणारा माणूस किती लांब आहे, हे कागदावरच्या भोकाच्या आधी विचारा, आणि जुनं घेत असाल तर सिलिंडरवरची तारीख वाचा, तो किती जुना आहे ते कळतं.

ग्रिपसाठी, म्हणजे पिस्तुलाच्या लाकडी मुठीसाठी, दुकानात एवढं तरी कराच. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करा, सुरक्षित दिशेला तोंड ठेवा, डोळे मिटा, नेहमीसारखा हात उचला आणि मग डोळे उघडा. पुढची साइट खाचेच्या मधोमध दिसली तर ग्रिप तुमच्या हाताची. डावीकडे दिसली तर मनगट वळवून ती मध्ये आणू नका, हात खाली घ्या आणि परत उचला. दहा वेळा तिकडेच गेली तर लाकूड तासावं लागेल किंवा दुसरा साइझ मागा.